खोटी तारीख, खरी कड

(धाकटी डहाणू येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज मला नाण्याच्या कडेबद्दल बोलायचं आहे. नाणं उभं केलं की ते जिच्यावर उभं राहतं ती कड. छापाभोवती जे गोल रिंगण असतं त्याला मी काठ म्हणेन, तो वेगळा. कड जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर रुंद असते. संग्रहालयात नाणं काचेखाली आडवं ठेवलेलं असतं, पुस्तकात त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो असतात, आणि कड कुठेच दिसत नाही. माझं सांगणं असं की छापावर काय लिहायचं हे राज्यकर्ते ठरवतात, आणि कधी कधी त्यांना मुद्दाम जुनी तारीख किंवा दुसऱ्याच टांकसाळीचं नाव लिहावं लागतं. कड मात्र त्या त्या वेळच्या यंत्रानं केलेली असते. म्हणून नाणं खरंच केव्हा आणि कुठे पडलं हे ज्याला शोधायचं आहे, त्यानं आधी ते बोटांत धरून गोल फिरवावं.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळा सुटल्यावर इथल्या मुलांना मोडी वाचायला बसवत. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय अक्षरांचाच हवा, असं मला वाटलं.

सुरुवात डहाणूच्या या खाडीपासून करतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं केलेल्या दानांची त्यात मोठी यादी आहे. गाई दिल्या, गावं दिली, भरुकच्छ आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या. आणि काही नद्यांवर होड्या ठेवून लोकांना फुकट पलीकडे नेण्याची व्यवस्था केली. त्या नद्यांची नावं लेखात आहेत: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका. दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पार, आणि दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी, असं अभ्यासकांनी ओळखलं आहे. या गावाजवळच्या पाण्यावर होडीची तर चालत होती याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे, आणि तो देणारा माणूस पैशाच्या बाबतीत अतिशय काटेकोर होता. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात तो हिशेब मांडतो: ७०,००० कार्षापण, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे २,००० सुवर्ण. विणकरांच्या श्रेणीकडे त्यानं २,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा एक या व्याजानं. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची.

हे कार्षापण कसे दिसत? नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा पराभव झाला याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. या नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याच्या भोवती काठानं ग्रीक अक्षरं आहेत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. नहपानाच्या काळापर्यंत ती ग्रीक अक्षरं वाचता येतात, त्यांत त्याचं नावच आहे. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर मात्र ती झिजत, बिघडत नुसती नक्षी होऊन जातात. ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती, पण काठावर काहीतरी हवं हे त्याला ठाऊक होतं. ही अक्षरं काठावरची आहेत, कडेवरची नाहीत. जेमतेम दोन ग्रॅमच्या त्या पातळ चकतीला लिहिण्याजोगी कड नव्हतीच.

कडेवर लिहिण्यासाठी कड आधी गोल आणि सारखी असावी लागते. हातानं पाडलेल्या नाण्यात ते होत नाही. खाली एक ठसा, मध्ये तापवलेला धातूचा तुकडा, वर दुसरा ठसा, त्यावर घणाचा घाव. धातूला बाजूनं अडवणारं काही नसल्यामुळे तो हवा तसा पसरतो. शिवराई पैसा पाहा. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं बहुतेक वेळा अर्धीच तुकड्यावर येतात, बाकीची बाहेर पडतात, कारण ठसा मोठा आणि तुकडा लहान. घावानं कडेला तडे जातात. त्या तड्यांवरून घाव कसा बसला हे समजतं, पण कडेवर मजकूर असण्याचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे कडेची राखण माणूस करत असे: सराफ. तो वजन करी, वाजवून पाही, शंका आली तर छोटा ठसा मारी, आणि त्या सगळ्याचे पैसे बट्ट्याच्या रूपानं वळते करी.

युरोपात कड कातरण्याचा धंदा फार बोकाळला होता. चांदीच्या नाण्याच्या कडेचा पातळ धागा कात्रीनं काढायचा, नाणं चलनात सोडून द्यायचं आणि कातरण वितळवायचं. यावरचा उपाय म्हणून कडेवर अक्षरं आली. इंग्लंडमध्ये १६६२ पासून क्राउन या मोठ्या नाण्याच्या कडेवर 'देकुस एत तुतामेन' हे लॅटिन शब्द येऊ लागले. अर्थ साधा आहे: शोभा आणि संरक्षण. फ्रान्समध्ये जाँ कास्तँ यानं १६८५ च्या सुमारास या कामाचं यंत्र पसरवलं. दोन पोलादी पट्ट्या, प्रत्येकीवर अर्धा मजकूर उलटा कोरलेला. कोरी चकती दोन पट्ट्यांच्या मध्ये धरून फिरवली की अक्षरं कडेवर उमटत. छाप त्यानंतर मारायचा. या क्रमामुळे एक गंमतीची खूण राहून जाते. चकती ठशाखाली कशीही पडते, म्हणून कडेवरचा मजकूर राजाच्या चेहऱ्याच्या संदर्भात कुठूनही सुरू होतो, कधी सुलटा तर कधी उलटा. दोन नाणी अगदी सारखी दिसली, पण एकाची अक्षरं वर तोंड करून आणि दुसऱ्याची खाली तोंड करून असली, तर त्यात चूक काही नाही. मजकूर छापाच्या आधी उमटवल्याची ती खूण आहे.

भारतासाठी पाडलेल्या नाण्यांत या पद्धतीचं फार सुरेख उदाहरण १७९४ चं आहे. बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे मॅथ्यू बोल्टननं वाफेवर चालणारी टांकसाळ काढली होती. तिथून कंपनीच्या मद्रास इलाख्यासाठी तांब्याचं नाणं आलं, रुपयाला ४८ मिळणारं. त्याच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत 'इंग्लिश युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी' असं पुरं नाव लिहिलेलं आहे. भाजीबाजारात चालणारा तांब्याचा तुकडा, आणि त्याच्या कडेवर मालकाचं नाव. वाचणारे किती असतील याची कंपनीला फिकीर नव्हती. अक्षरं वाचण्यासाठी नव्हतीच. नकली नाणं करणाऱ्याला ती करता येऊ नयेत, एवढंच हवं होतं.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बंगालमध्ये सराफ दरवर्षी जुन्या सनाच्या रुपयावर बट्टा घेत. रुपया तोच, चांदी तीच, पण सन मागचा म्हणून किंमत कमी. या त्रासातून सुटण्यासाठी कंपनीनं सनच गोठवला. बादशहा शाह आलम याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष रुपयावर कायमचं छापायचं ठरलं. १७७७-७८ च्या सुमाराचं ते वर्ष पुढे अर्धशतकाहून अधिक काळ प्रत्येक रुपयावर आलं. शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी त्याचा रुपया १८३५ पर्यंत पडत राहिला. आपल्या बाजूला चालणारा सुरती रुपयाही असाच. मुंबईत पाडलेल्या रुपयावरही टांकसाळीचं नाव सुरत, बादशहाचा सन ४६. म्हणजे छापावरचं वर्षही खरं नाही आणि गावही खरं नाही. फसवणुकीचा हेतू नव्हता. लोकांचा विश्वास त्या जुन्या शब्दांवर बसला होता, तो मोडायची कुणाची तयारी नव्हती.

मग असा रुपया हातात आला तर त्याचं खरं वय कसं सांगायचं? १८३४ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं एक छोटं पण फार कामाचं पुस्तक काढलं, नाणी, वजनं आणि मापं यांच्या कोष्टकांचं. प्रिन्सेप हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचणारा तोच. उषवदाताच्या लेखातली 'दाहनुका' आज वाचता येते ती त्याच्या कामामुळे. पण पोटासाठी तो कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस काढणारा अधिकारी होता. त्याच्या कोष्टकात बंगालचा हा एकोणीस सनाचा रुपया, म्हणजे सिक्का रुपया, ओळखण्याची खूण कडेवर दिली आहे. १७९३ पासूनच्या रुपयाच्या कडेला तिरप्या खाचा. १८१८ नंतरच्या रुपयाच्या कडेला उभ्या, सरळ खाचा. शेवटच्या रुपयाची कड सपाट, आणि छापाभोवती ठिपक्यांचं रिंगण. तिन्हींच्या छापावर सन एकच, एकोणीस.

या खाचा म्हणजे नुसती नक्षी नव्हती. १७९३ चा सिक्का रुपया सुमारे १७९.६७ ग्रेन वजनाचा होता, म्हणजे ११.६४ ग्रॅम. १८१८ मध्ये कंपनीनं त्यात जास्त मिश्रधातू घातला. शुद्ध चांदी तेवढीच, १७५.९२ ग्रेन, पण एकूण वजन १९१.९१६ ग्रेन झालं, म्हणजे जवळजवळ साडेबारा ग्रॅम. छाप बदलता येत नव्हता, कारण लोक छापाला ओळखत होते. मग बदल कळवायचा कुठे? कडेवर. तिरप्या खाचा म्हणजे जुना, अधिक शुद्ध रुपया. उभ्या खाचा म्हणजे नवा, जड रुपया. ज्याला माहीत होतं तो अंगठा फिरवून ओळखत होता. मला या रुपयाची कड पाहताना नेहमी वाटतं की सरकारला लोकांशी जे उघड बोलता आलं नाही ते इथे दोन मिलिमीटरच्या पट्टीत लिहून ठेवलं आहे. १८३५ च्या कायद्यानं सगळ्या कंपनी मुलखात एकच रुपया आला, १८० ग्रेनचा, विल्यम राजाचा चेहरा असलेला, आणि बादशहाचं नाव गेलं. तिथे गोठलेल्या सनाची कथा संपते असं आपण समजतो.

पण ती मुंबईत पुन्हा सुरू झाली, शंभर वर्षांनी, आणि त्या वेळी सन होता १७८०.

ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० रोजी वारली. तिचा चेहरा असलेला चांदीचा मोठा रुपया, ज्याला थेलर म्हणतात, तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर इतका विश्वासाचा झाला होता की येमेनमधले कॉफीचे व्यापारी आणि इथिओपियातले शेतकरी दुसरं नाणं घेईनात. महाराणीच्या खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती मोजून मगच तिथे नाणं स्वीकारत, असं सांगतात. म्हणून तिच्या मृत्यूनंतरही तेच नाणं, तीच तारीख घालून, पाडत राहणं भाग पडलं. वजन २८.०६ ग्रॅम, चांदी हजारात ८३३ भाग. १९३५ मध्ये इथिओपियावर चढाई करताना मुसोलिनीच्या इटलीनं ऑस्ट्रियाकडून हे नाणं पाडण्याचा हक्क आणि ठसे मिळवले. मग लंडननंही ते पाडायला सुरुवात केली. १९४० मध्ये इटली युद्धात उतरला. पूर्व आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश सैन्याला तिथल्या लोकांना पैसे द्यायचे होते, आणि ते लोक कागदी नोटा घेणार नव्हते. ते थेलर मुंबईच्या टांकसाळीत पाडले गेले. १९४० ते ४१ या काळात सुमारे १ कोटी ८८ लाख नाणी. त्याच मोहिमेत केरेनच्या डोंगरांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या लढल्या. फोर्टमधल्या टांकसाळीत पडलेलं नाणं आणि कोकण-घाटावरचे जवान एकाच युद्धासाठी एकाच किनाऱ्यावर उतरले होते.

या थेलरची कड जवळून पाहू. नाणं सुमारे ४० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे कड उलगडली तर साडेबारा सेंटिमीटर लांबीची पट्टी होते. तिच्यावर लॅटिनमध्ये 'युस्तितिया एत क्लेमेन्तिया' असं आहे, न्याय आणि दया, हे महाराणीचं ब्रीद. शब्दांच्या मध्ये वेलबुट्टी. अक्षरं आत कोरलेली नाहीत, ती वर उठलेली आहेत. नखानं चाचपलं तर कळतं. आता विचार करा, उठावाची अक्षरं कडेवर कशी येतील? छाप मारताना चकतीभोवती पोलादाची कॉलर असते, तिच्यात अक्षरं खोलगट कोरलेली असतात आणि धातू दाबानं त्यांत शिरतो. पण एकसंध कॉलर असेल तर नाणं तिच्यातून बाहेर निघणार नाही. वर ढकललं की अक्षरं खरवडून जातील. म्हणून कॉलर तीन तुकड्यांची करतात. घाव पडताना तुकडे घट्ट मिटतात, नंतर उघडतात आणि नाणं मोकळं होतं. जिथे दोन तुकडे मिळतात तिथे कडेवर कधी कधी केसाएवढी उभी रेघ राहते. त्या रेघा भिंगाखाली शोधाव्यात. यंत्र कसं मिटलं आणि कसं उघडलं हे त्या सांगतात. हे नाणं अनेक टांकसाळींत पडलं, व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, मुंबई. सगळ्यांवर १७८०. एकीचंही नाव त्यावर नाही. मग अभ्यासकांनी ओळख पटवली कशावरून? ब्रोचच्या मोत्यांवरून, नाण्याच्या दुसऱ्या बाजूवरच्या गरुडाच्या शेपटीच्या पिसांवरून, आणि कडेवरच्या वेलबुट्टीच्या फरकांवरून.

मुंबईच्या टांकसाळीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तिच्या इमारतीबद्दल, १८२९ च्या तिच्या सुरुवातीबद्दल, वाफेच्या इंजिनांबद्दल. पण तिनं जगाच्या इतक्या मोठ्या नाण्यात हात घातला होता हे शाळेच्या पुस्तकात कुठेही नाही. ते असायला हवं, असं मी इथे आग्रहानं म्हणतो. त्या कामावर पाळ्या करणारे बहुतेक याच शहरातले कामगार होते, आणि त्यांच्या हातचं लॅटिन अक्षर येमेनच्या बाजारात तपासलं जात होतं.

त्याच वर्षांत त्याच टांकसाळीत आणखी एक कड तयार होत होती, आणि ती आपल्या घरांत आहे. युद्धामुळे चांदीची टंचाई झाली. १९४० पासून रुपयातली चांदी बाराला अकरा भागांवरून निम्म्यावर आली. ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. वजन तेच ११.६६ ग्रॅम, आकार तोच, राजा तोच. लोकांनी जुने रुपये दाबून ठेवले, त्यांतलाच राणीछाप रुपया आजही कुणाकुणाच्या पेटीत आहे. खोटे रुपये करणाऱ्यांना निम्म्या चांदीचा रुपया करणं सोपं जाईल ही भीती होती. म्हणून नव्या रुपयाला नवी कड दिली, जिला टांकसाळीत आणि संग्राहकांत सिक्युरिटी एज म्हणतात. कडेवरच्या उभ्या दात्यांच्या मधोमध गोल फिरणारी एक खाच, आणि त्या खाचेच्या तळाशी उठावाची बारीक नक्षी. साच्यात ओतून खोटं नाणं करणाऱ्याच्या साच्याचा जोड नेमका कडेवर येतो. तो जोड कानशीनं घासला की दाते जातात, आणि खाचेतली नक्षी तर त्याला जमतच नाही. दिवाळखोर सावकाराचं बिंग जसं खातेवहीच्या शिवणीजवळ सापडतं, तसा खोटा रुपया कडेवर सापडतो. पुढे १९९२ पासूनच्या पाच रुपयांच्या जाड नाण्यालाही हीच पद्धत लावली गेली. ती नाणी तुम्ही सगळ्यांनी हाताळली आहेत. त्यांच्या खाचेतली नक्षी सगळीकडे सारखी नाही, एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

या अर्ध्या चांदीच्या रुपयाबद्दल इथे, डहाणू-तलासरीत, मला थोडं थांबायला हवं. १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी इथे किसान सभेची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली बांधवांनी वेठ नाकारली, आणि मग गवत कापणीचा दर मागितला: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये गोळीबार झाला, माणसं मारली गेली. या लढ्यावर लिहिताना सगळे अडीच रुपये हा आकडा देतात. ते रुपये कोणते होते याकडे कुणी पाहत नाही. ते हेच रुपये होते, निम्म्या चांदीचे. दोन रुपयांवर आठ आणे मिळाले तर मजुराच्या हातात पडणारी चांदी १९४० आधीच्या दोन रुपयांतल्या चांदीपेक्षाही कमी भरत होती. मागणी वाढीव होती असं त्या वेळी जमीनदार म्हणत. त्या रुपयाची कड हातात घेतली तर ते म्हणणं किती पोकळ होतं हे कळतं.

आणि हे रुपये आज कुठे आहेत? काही माळांमध्ये आहेत. आपल्याकडे नाणी गळ्यात घालण्याची रीत जुनी आहे. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं, त्यावरच्या माणसांच्या आकृतींमुळे ते आपल्याकडे त्या नावानं रुजलं आणि पुढे आपले सोनार तशाच पुतळ्या घडवू लागले. चांदीच्या रुपयांच्या माळा आदिवासी पाड्यांवर मी पाहिल्या आहेत, कोळ्या-मांगेल्यांच्या घरांतही. दागिन्याला माझा काही विरोध नाही. नाणं गळ्यात राहिलं म्हणूनच ते वितळलं नाही, हे खरं आहे. पण सोनार कडी लावतो ती नेमकी कडेवर, राजाच्या डोक्याच्या वर. तिथे कानस चालवतो, मग डाग देतो. चेहरा शाबूत राहतो, आणि ज्या जागी टांकसाळीची खूण होती ती जागा वितळलेल्या चांदीखाली जाते. म्हणून माळेतलं नाणं असलं तरी कडीच्या डाव्या-उजव्या बाजूला जी कड उरली आहे ती नक्की पाहावी. दाते दिसले, मध्ये खाच दिसली, तर तो १९४० किंवा त्यानंतरचा आहे. नुसते दाते असतील तर आधीचा असू शकतो.

दुसरं नुकसान आपण स्वतः करतो. सणासाठी देवाची नाणी चिंच आणि राख लावून घासतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं हे इथे कुणाला सांगायला नको, पण तो थर घासून काढताना कडेचे दाते सर्वांत आधी झिजतात, कारण नाणं बोटांत धरतात ते कडेनं. नाणी प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांत वर्षानुवर्षं ठेवू नयेत. त्या पाकिटातून चिकट हिरवा थर निघतो आणि आधी कडेला धरतो. कोरडा जाड कागद बरा.

कड वाचायची रीत सोपी आहे. मुलांच्या खेळण्याच्या मातीची, ज्या मातीला तेल असतं तिची, एक लांब पट्टी लाटा. नाणं उभं धरून तिच्यावर एक पूर्ण फेरा हलक्या हातानं फिरवा. संपूर्ण कड त्या पट्टीवर उलटी उमटते. ती आरशात पाहिली की सरळ वाचता येते, आणि तिचा फोटो काढला की कायमची नोंद होते. सुरुवातीच्या जागी टाचणीनं खूण करा, म्हणजे मजकूर कुठून सुरू होतो ते समजेल. जोडाची रेघ, तडा, कानशीचा ओरखडा, सगळं त्या पट्टीवर येतं. सोबत वजन लिहा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. चेहऱ्याचे फोटो त्यानंतर. आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये उभी केलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. पण पहिलं वाचन घरातच व्हायला हवं, कारण नाणं घरात आहे.

जमिनीत किंवा पडक्या भिंतीत नाणी सापडली तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. अशी वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते ओझं समजू नका. जोगलटेंभीचा साठा एकत्र राहिला म्हणूनच नऊ हजार नाण्यांवरचा दुहेरी ठसा मोजता आला. साठा फुटून दुकानांत गेला असता तर तो इतिहास आपल्याला कळलाच नसता.

उद्या सकाळी नऊपासून दुपारपर्यंत मी याच वाचनालयात बसणार आहे. मातीच्या पट्ट्या, वजनकाटा आणि भिंग माझ्याकडे आहे. घरातलं कोणतंही नाणं घेऊन या, चवली असो, पावली असो, भोकाचा पैसा असो, माळ असली तर माळेसकट. घासून आणू नका. किंमत मी सांगणार नाही, विकतही घेणार नाही. कडेची पट्टी दोन प्रतींत करू. एक तुमच्याकडे, एक वाचनालयाच्या कपाटात. आणि या किनाऱ्यावर कुणाच्या घरी महाराणीच्या चेहऱ्याचं मोठं जड नाणं असेल, १७८० सालचं, तर त्याला मी सर्वांत आधी वेळ देईन.